गाडी कुठवर आली?

१२ एप्रिल १८६७ या दिवशी विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल धावली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बी.बी.सी.आय. रेल्वेची ही गाडी सकाळी पावणेसातला विरारहून सुटे आणि संध्याकाळी साडेपाचला परतीला लागे. जाणारी एक, येणारी एक. तेव्हाच्या इंग्रजी नोंदींत बोरिवली ‘बेरेवला’ आहे, अंधेरी ‘अंदारू’ आहे आणि गोरेगावच्या जागी ‘पहाडी’ हे नाव आहे. चर्चगेट स्टेशन अजून व्हायचं होतं. एवढ्या एका गाडीचं वेळापत्रक छापून खिशात बाळगायची कुणाला गरज नव्हती. प्रवाशाचा प्रश्न एकच असणार: आज गाडी आहे ना?

तरीही त्या दोन वेळा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. सकाळी शहरात न्यायचं आणि दिवस मावळताना घरी सोडायचं. बाजारहाट करणाऱ्याला किंवा देवदर्शनाला जाणाऱ्याला अशी गाडी फारशी उपयोगाची नाही. ती आहे कामावर जाणाऱ्याची. उपनगरात राहून शहरात नोकरी करणारा माणूस पुढे मुंबईची ओळख झाला, त्याची चाहूल या दोन आकड्यांत लागते. वेळापत्रक हा समाजाच्या इतिहासाचा कागद आहे, असं मी म्हणते ते यासाठी.

इतिहासाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. बोरिवलीहून फोर्टातल्या एका खासगी कचेरीत जवळपास तीस वर्षं ये-जा केली आणि त्या काळात रद्दीच्या दुकानांतून वेळापत्रकांच्या पुस्तिका, जुने पास, मेगाब्लॉकची कात्रणं जमवत गेले. आधी तो नुसता नाद होता. पुढे त्यातून एक प्रश्न उभा राहिला: उपनगरातल्या माणसाला गाडीची माहिती कशी मिळत गेली? तंत्र बदललं म्हणून माहितीची साधनं बदलली, असं आपण सहज म्हणतो. माझ्यासमोरचे कागद थोडं वेगळं सांगतात. आधी प्रवाशाचा प्रश्न बदलतो, मग त्याला उत्तर देणारं साधन येतं. आणि गेल्या पंधरा वर्षांत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आपल्यामागे काहीच ठेवत नाहीत, ही त्यातली काळजीची बाब आहे.

सुरुवात घड्याळापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभरातल्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली होती, तर मुंबई शहर मुंबईच्या वेळेने चालत होतं. दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर. गाडी किती वाजता सुटते, याच्याआधी ‘कुणाच्या वाजता?’ हे विचारणं भाग होतं. १९०६मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती, आणि मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. म्हणजे आपल्या आजीआजोबांच्या पिढीतल्या मुंबईकराला एका शहरात दोन वेळांचा हिशेब ठेवावा लागला. त्यांच्यासाठी स्टेशनावरचं मोठं घड्याळ हेच माहितीचं पहिलं साधन होतं. छापील वेळापत्रकाला अर्थ यायचा तो त्या घड्याळामुळे.

दुसरा टप्पा विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली. विजेची गाडी चटकन वेग घेते आणि चटकन थांबते, त्यामुळे त्याच रुळांवर जास्त गाड्या सोडता येतात. बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेत आली १९५७मध्ये, पण विजेने त्यांना त्याआधीच शहराशी बांधून टाकलं होतं. गाड्या वाढल्या तसा ‘आज गाडी आहे ना?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कितीची?’ हा आला. त्याला उत्तर देणारी वस्तू म्हणजे तळहाताएवढी वेळापत्रकाची पुस्तिका. स्टेशनवरच्या स्टॉलवर ती मिळायची, डब्यात फेरीवालेही विकायचे. आडव्या ओळीत गाड्या, उभ्या ओळीत स्टेशनं, मधूनमधून क्लासच्या आणि लग्नकार्यालयांच्या जाहिराती.

या पुस्तिकेने भाषेवरही ठसा उमटवला. गाडीला वेळेचं नाव मिळालं: आठ बाराची, नऊ सातची. ‘आमची आठ बाराची’ म्हणताना आवाजात जी मालकी असते ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या वेळेला धरून माणसांचे गट जमले, डब्यात भजनं झाली, दसऱ्याला डब्याला तोरणं लागली. कचेरीतल्या मस्टरवरचा लेट मार्कही याच मिनिटांशी बांधलेला. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. वेळापत्रकात ती एका ओळीची भर होती. पण कामावर जाणाऱ्या बायकांची संख्या एका डब्याच्या तुकड्यात मावेनाशी झाली, हे सांगणारा त्या ओळीइतका नेमका पुरावा मला दुसरा माहीत नाही.

गाड्या आणखी वाढल्या, जलद आणि धीम्या अशा जाती पडल्या, आणि प्रश्न झाला: ‘ही कुठली?’ त्याचं उत्तर फलाटावरचा इंडिकेटर देऊ लागला आणि गाडीच्या कपाळावरची अक्षरं. मध्य रेल्वेवर ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत, हे नव्या माणसाने कसं ओळखावं? त्याला शेजारच्याला विचारावंच लागे. या अक्षरांची बाराखडी फलाटावर तोंडी शिकवली जायची. २००९मध्ये पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल आली आणि इंडिकेटरवर डब्यांची संख्याही महत्त्वाची ठरली. गाडी बारा डब्यांची की पंधरा, हे वेळेत कळलं नाही तर बायकांचा डबा नक्की कुठे येणार ते समजत नाही आणि फलाटावर धावाधाव होते. एका आकड्याची किंमत किती असते, ते अशा वेळी कळतं.

याच सुमारास उपनगरात माहितीचं आणखी एक दुकान उघडलं होतं. १९९६मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत ‘जस्ट डायल’ सुरू केलं. या कंपनीचं मुख्यालय मालाडला. ओळीने आठचे आकडे असलेला क्रमांक फिरवायचा आणि प्लंबर, दवाखाना, लग्नाचा हॉल जे हवं ते विचारायचं. मणी यांचा ‘आस्क मी’ नावाचा आधीचा असाच प्रयत्न चालला नव्हता, कारण तेव्हा घरोघरी फोनच नव्हते. कल्पना तीच, माणूसही तोच. ज्याच्यासाठी ती होती तो विचारणारा अजून तयार झालेला नव्हता. नव्वदच्या दशकात फोनची प्रतीक्षायादी आटली आणि जाडजूड डिरेक्टरी चाळण्यापेक्षा कुणाला तरी विचारून मोकळं व्हावं, असं लोकांना वाटू लागलं. उपनगरी माणसाची ही नवी अपेक्षा होती: यादी नको, माझ्यापुरतं उत्तर दे.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या ठप्प, मोबाइल मुके. हजारो माणसं रुळांवरून आणि हमरस्त्यावरून चालत उपनगरांकडे निघाली. त्या रात्री ‘कितीची गाडी?’ असं कुणी विचारत नव्हतं. ‘कुठपर्यंत चालू आहे?’ एवढंच जो तो समोरून येणाऱ्याला विचारत होता. समोरच्याला माहीत असायचं ते मागच्या स्टेशनपर्यंतचं. छापील पुस्तिका त्या रात्री प्रत्येकाच्या पिशवीत असती तरी काडीचा उपयोग नव्हता. वेळापत्रक सगळं सुरळीत आहे असं धरून लिहिलेलं असतं. माणसाला माहितीची सर्वांत जास्त गरज पडते ती सुरळीत नसताना. हे अंतर त्या रात्री सगळ्या शहराला एकदम दिसलं.

त्यानंतरच्या काही वर्षांत, २०१०च्या सुमारास, सचिन टेके या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या तरुणाने केलेलं ‘एम-इंडिकेटर’ लोकांच्या फोनवर दिसू लागलं. स्मार्टफोन तेव्हा मोजक्यांकडे होते. बटणांच्या साध्या जावा फोनवर ते चाले आणि वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असल्याने इंटरनेटही लागत नसे. हे साधन रेल्वेच्या कचेरीतून आलं नाही, प्रवाशांच्या बाजूने आलं, आणि त्याच्या रचनेतच ते कळतं. कुठली गाडी हे सांगून ते थांबत नाही. ती कुठल्या फलाटावर लागेल आणि फलाट कुठल्या बाजूला येईल हेही सांगतं. गर्दीच्या डब्यात दोन स्टेशनं आधी दाराच्या कुठल्या बाजूला सरकायचं, हा प्रश्न ज्याने स्वतः अंग चेपून घेतलं आहे त्यालाच सुचतो. त्यात हळूहळू मेगाब्लॉक आला, बेस्टचे मार्ग आले, रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचा तक्ता आला, मराठी नाटकांचे प्रयोगही आले. रिक्षाच्या जुन्या मीटरचा आकडा आणि द्यायचे पैसे यांचा मेळ घालण्यासाठी तेव्हा छापील टॅरिफ कार्ड लागे. अंधेरीला उतरून रिक्षा करणाऱ्याला गाडी, मीटर आणि नाटकाची वेळ यांत फरक वाटत नाही. त्याच्यासाठी ती एकच संध्याकाळ असते. या ॲपने ती संध्याकाळ एका जागी आणली.

त्याच ॲपमध्ये पुढे प्रवाशांच्या गप्पांची सोय झाली. आता गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की आतला माणूस लिहितो आणि पुढच्या फलाटावरचा वाचतो. २००५च्या रात्री समोरून येणाऱ्याला विचारलेला प्रश्नच हा, फक्त फोनमध्ये शिरलेला. २०२२मध्ये मध्य रेल्वेने ‘यात्री’ हे आपलं ॲप आणलं आणि धावत्या लोकलची जागा त्यावर दाखवायला सुरुवात केली. दरम्यान ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली होती. अंधेरी-घाटकोपर हा आडवा प्रवास तोवर बसने, ३४० नंबरच्या रांगेत उभं राहून व्हायचा. मेट्रोने एक नवल केलं: ‘आठ बाराची मेट्रो’ असं कुणीच म्हणत नाही. पुढची किती मिनिटांत, एवढंच विचारलं जातं. दीडशे वर्षांत ‘आहे ना?’पासून ‘कितीची?’, ‘कुठली?’ असं करत आपण ‘कुठवर आली?’ या प्रश्नाशी येऊन पोचलो.

आता काळजीची बाब. पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कागदावर किंवा पाटीवर होती, म्हणून ती उरली. रद्दीत का होईना, उरली. जुनी पुस्तिका उघडली की एल्फिन्स्टन रोड भेटतं, जे २०१८मध्ये प्रभादेवी झालं. जोगेश्वरीनंतर थेट गोरेगाव येतं, कारण राम मंदिर स्टेशन २०१६च्या डिसेंबरात उघडलं. पहिली गाडी पहाटे किती वाजता, शेवटची रात्री किती वाजता, यावरून गिरणीची पाळी, हॉटेलातली नोकरी, रात्रीचं कॉलेज यांचा अंदाज बांधता येतो. ‘कुठवर आली?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र दिल्याक्षणी शिळं होतं आणि पुसलं जातं. ॲपमधलं वेळापत्रक बदललं की नवं जुन्यावर येऊन बसतं. फोन बदलला की तेही जातं.

एक उदाहरण पुरे आहे. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. १५ जूनला त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. २१ ऑक्टोबरपासून बायकांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर प्रवासाची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१पासून सर्वांना, पण पहाटेपासून सकाळी ७पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतरच. १५ ऑगस्टपासून लशीचे दोन डोस झालेल्यांना दिवसभर. लोकलच्या सगळ्या इतिहासात ‘गाडी कधी?’ याच्या जोडीला ‘ती कुणासाठी?’ हे इतक्या उघडपणे कधी लिहिलं गेलं नसेल. सकाळी अकराला सुरू होणारी मुभा ही नऊ वाजता कचेरी गाठणाऱ्या बाईच्या काय कामाची, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात झाला. नियम वर्तमानपत्रांत सापडतील. पण त्या महिन्यांत नक्की किती गाड्या, कुठून, किती वाजता सुटत होत्या, हे माझ्या मैत्रिणींनी फोनवरच पाहिलं आणि फोनवरच संपलं. माझ्या संग्रहात त्या काळाची एकही पुस्तिका नाही.

कागदाच्या बाजूने बोलताना कागदाची मर्यादाही सांगायला हवी. छापील वेळापत्रक हे वचन असतं. आठ बाराची त्या दिवशी खरोखर आठ बाराला आली का, हे त्यात कधीच नव्हतं. फोनमधली साधनं पहिल्यांदाच वचन आणि वस्तुस्थिती दोन्ही जवळ बाळगून आहेत: गाडी कधी यायची होती, कधी आली, मुलुंडच्या आधी किती वेळ उभी राहिली, आतल्या माणसांनी तेव्हा काय लिहिलं. हे सगळं कुणी जपलं तर शहराच्या रोजच्या जगण्याचा इतका बारीक पुरावा कुठल्याच पिढीच्या अभ्यासकाला मिळालेला नसेल. न जपता तो वाहून गेला, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्याला १९९२ची मुंबई २०२२च्या मुंबईपेक्षा जास्त स्पष्ट दिसेल.

योगायोग असा की पहिली लोकल धावली त्याच १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्या कायद्यामागे सरकारची नजर ठेवण्याची इच्छा होती, यात शंका नाही. पण त्याच्यामुळे छापलेल्या पुस्तकांच्या याद्या सरकारदरबारी होत राहिल्या आणि मराठी ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासकांना त्यांचा आधार मिळाला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती उभी केली, तेव्हा पुस्तकं कुठे ना कुठे कपाटात उभी होती. स्वातंत्र्यानंतर १९५४च्या कायद्याने प्रकाशकांवर प्रत पोचवण्याची जबाबदारी टाकली. मुंबईत ती टाउन हॉलच्या इमारतीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे येते. हा सगळा विचार छापील वस्तूचा. रोज सकाळी लाखो माणसं जी वस्तू उघडून घराबाहेर पडतात, ती ॲप नावाची वस्तू या कपाटात येत नाही. तिला सूचीत जागा नाही आणि तिच्यासाठी दातेही नाहीत.

अशी साधनं करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांचं काम प्रवाशाला आत्ताचं सांगण्याचं आहे आणि ते त्यांनी चोख केलं आहे. जपणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, आणि ते दुसरं कुणी अजून ठरलेलं नाही. फार मोठी यंत्रणा त्यासाठी लागेल असं मला वाटत नाही. रेल्वेचं वेळापत्रक जेव्हा बदलतं, तेव्हा त्या दिवसाची संपूर्ण प्रत तारखेसह एका सार्वजनिक ग्रंथालयात जावी. ॲप करणाऱ्यांनी वर्षातून एकदा आपली एक जुनी आवृत्ती, ती चालेल अशा फोनसह, तिथे द्यावी. प्रवाशांच्या गप्पांतली नावं आणि नंबर गाळून उरलेला मजकूर काही वर्षांनी अभ्यासाला खुला व्हावा. कोण काय म्हणालं यापेक्षा कुठे, किती वाजता, कशामुळे अडलं ते महत्त्वाचं. माणसाच्या खासगीपणाला धक्का न लावता हे करता येतं.

तोवर मी माझ्यापुरती सोय केली आहे. वेळापत्रकात बदल झाला की बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड या चार स्टेशनांची पानं फोनवरून कागदावर उतरवून घेते, मागे तारीख घालते. २५ डिसेंबर २०१७ला बोरिवलीहून चर्चगेटकडे पहिली एसी लोकल निघाली. पुढे तशा गाड्या वाढत गेल्या, काही साध्या लोकलच्या जागी एसी आल्या आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये कळवा, बदलापूरच्या प्रवाशांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. कुठल्या वेळेची साधी गाडी गेली आणि तिच्याजागी काय आलं, हे उद्या कुणी विचारलं तर या पानांवरून दाखवता येईल. आमच्या भागातल्या एका वाचनालयाने त्यांच्यासाठी कपाटाचा एक खण दिला आहे. त्यात अजून बरीच जागा आहे. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या पुस्तिका असतील, किंवा एखादा न चालणारा जावा फोन ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी आपल्या जवळच्या वाचनालयात एकदा विचारून पाहावं.